बाबाईवरचं छप्पर

माझ्या नवऱ्यानं एकदा भर मानेआबात नको तेव्हा तोंड उघडलं आणि पुढचं सगळं वर्ष ते मला निस्तरावं लागलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल दोन शब्द जास्त बोलले तर मला कजाग म्हणायला नको. दोन शब्द कमीच पडतील, असा माणूस आहे तो.

झालं असं, की आमच्या लेकीचं, राकेराचं, लग्न ठरवायला मायाना बेटावरून माणसं आली होती. गावच्या मानेआबात, त्या थोरल्या छपराखाली, सगळी मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी मांडी घालून बसलेली. मुलाचे वडील तोआनी शांत माणूस. दहा जणांचं बोलून झालं की हे एक वाक्य बोलणार. मुलगा इओतेबा खाली मान घालून चटईची वीण तपासत होता. माझी राकेरा खांबाआडून त्याच्याकडे बघून हसत होती आणि मी तिला डोळ्यांनी दटावत होते. सगळं कसं छान चाललं होतं.

तेवढ्यात माझे थोरले दीर तेकेआ बोलले. अगदी सहज बोलल्यासारखं. म्हणाले, गेल्या सणाला आणलेली बाबाई, म्हणजे आमच्याकडचा तो अळूसारखा थोरला कंद, उचलताना पाठीत जी उसण भरली ती अजून जायचं नाव घेत नाही. मंडळी हसली. त्याच सणाला आमच्या नाकिबाएनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आपली बाबाई एका हातात आणली होती आणि दुसऱ्या हातात कंदील होता, हे कोणी विसरलं नव्हतं.

नाकिबाए उठून उभा राहिला. मी मनात म्हटलं, बस खाली. तो कुठला बसतोय.

"लग्नाला मी जी बाबाई आणीन," तो म्हणाला, "ती वाशाला बांधून दोघांना खांद्यावरून आणावी लागेल."

आमच्यात असं बोलत नाहीत. होडीएवढी बाबाई आणली तरी माणसानं ती हळूच खाली ठेवायची, मान झुकवायची आणि म्हणायचं, राग मानू नका, घरात एवढंसंच होतं. आणि इथे तर कंद अजून चिखलात, तो केवढा आहे हे त्याचं त्याला ठाऊक नाही, आणि याची दवंडी पिटून झाली. म्हातारी मंडळी शरमून आढ्याकडे बघायला लागली. तोआनींची बहीण मात्र खुदकन हसली. या बाईच्या तोंडाची कीर्ती समुद्र ओलांडून आमच्यापर्यंत आली होती, त्यामुळे ते हसू मला लगेच कळलं. बाबाई छोटी निघाली, की मायानात माझ्या पोरीचं नाव 'वाशाची सून' पडणार. पोरं दोन काठ्या खांद्यावर घेऊन तिच्या मागून कुंथत चालणार. आणि आमच्या बेटांवर एकदा चिकटलेलं नाव मेल्यावर थडग्यावरच काय ते पुसलं जातं.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, कशाच्या जोरावर बोललास? तो म्हणाला, बघशील.

आता त्या खड्ड्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खड्डा यांच्या पणज्यानं खणलेला, गोडं पाणी लागेपर्यंत खोल. त्या पाण्यात बाबाई उभी असते, अळूसारखीच, पण माणसाच्या डोक्यावर पानं जातील एवढी. सासरे गेल्यावर भावांनी मधे एक बांध घालून खड्डा वाटून घेतला. उगवतीकडचा भाग थोरल्याचा, मावळतीकडचा आमचा. पाणी तेच, चिखल तोच. बांध एवढासा, की कोंबडी सहज ओलांडेल.

एक गोष्ट मात्र वाटली गेली नाही. सासऱ्यांची बाबाई आमच्या सगळ्या आबेमामा बेटावर नावाजलेली होती, आणि ती काय खाते हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे बाबाईला भरवावं लागतं. रोपाभोवती केतकीच्या पानांची बिनबुडाची टोपली विणायची आणि तिच्यात चुरलेला पाला, काळी माती, असं काय काय घालत राहायचं. कुठला पाला, किती वाळवलेला, कशात कालवलेला, ते ज्याचं त्याच्यापाशी. पुरुष माडी चढल्यावर स्वतःची सगळी लफडी सांगेल, पण बाबाईचा खाऊ सांगणार नाही.

नाकिबाएची पक्की समजूत होती, की मरताना सासऱ्यांनी ते गुपित तेकेआभाऊजींच्या कानात सांगितलं. शेवटच्या दिवशी भाऊजी उशाशी होते. हा मासळीला गेला होता. कुपा घेऊन परत आला तोवर सगळं आटोपलं होतं. त्या कुप्याचं नाव काढलं की अजून त्याचं तोंड कडू होतं. भाऊजींची बाबाई दर सणाला मोठी निघाली, की हा मला म्हणायचा, बघ, सांगितलं की नाही बाबांनी त्याला. मलाही ते खरं वाटायचं. आणि भाऊजी तर याच्याकडे असं बघायचे, जसं काही यानंच त्यांचं काहीतरी दाबून ठेवलंय.

तर वडिलांचं गुपित मिळालं नाही म्हणून नाकिबाएनं स्वतःचं बनवायला घेतलं. निरफणसाचा पाला झाला, तो सगळेच घालतात. गंजके डबे पुरून झाले, तेही सगळेच पुरतात. मग त्याच्या डोक्यात भट्टी पेटली. मुशी माशाचं काळीज कापून घातलं. मासळीची डोकी, ज्यांचा मी रस्सा करायचे, ती टोपलीत जायला लागली. डुकराचं खोबरं बंद झालं आणि बाबाईला सुरू झालं. एका सकाळी माडीच्या काकवीची बाटली अर्धी झालेली दिसली. ती माझ्या आईनं पाठवलेली. विचारलं तर म्हणाला, अशक्त बाळाला देतातच ना.

मुशीच्या वासानं माशा आल्या. माशांवर पाली आल्या. पालींसाठी आमची मांजर खड्ड्याच्या काठावर बिऱ्हाड करून राहिली. टोपलीत किडे वळवळायला लागले, तर ते टिपायला भाऊजींच्या कोंबड्या बांध ओलांडून यायला लागल्या, आणि खाऊनपिऊन अंडी घालायला परत आपल्या घरी. कोंबड्यांनी उकरून सांडलेलं खेकडे ओढून नेत. आमच्या घरचं खाऊन सगळं गाव गुबगुबीत झालं. वाळलं ते फक्त आमचं डुक्कर. आणि बाबाई होती तेवढीच होती.

त्यात भाऊजींचं गाणं. त्यांचा माडीचा माड नेमका खड्ड्याच्या काठाला. सकाळ-संध्याकाळ ते वर चढून माडीसाठी पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, कापायचे आणि रीतीप्रमाणे मोठ्यांदा गायचे. वर माणूस आहे हे खालच्यांना कळावं म्हणून आमच्याकडे माडीवाले गातात. गाणं चालू आहे तोवर ठीक. गाणं थांबलं की समजायचं, बघतोय. इकडे नाकिबाएनं टोपलीत हात घातला, की वरचं गाणं शब्द अर्धा सोडून गप्प. यानं वर पाहिलं, की पुन्हा सुरू, तेही भलत्याच ओळीवरून. नाकिबाएचा जीव जळायचा. बाबांकडून एक गुपित घेतलंस ते घेतलंस, वर माझं पण घेणार का, असं तो माडाच्या बुंध्याला ऐकवायचा.

वरून बघणाऱ्याला कुंपणाचा काय उपयोग? छप्परच पाहिजे.

मी त्या दिवशी चर्चच्या बायकांबरोबर गेले होते. परत येऊन बघते तर माझी पेटी उघडी आणि आत हवा. राकेरा रांगत होती तेव्हापासून तिच्या लग्नासाठी एकेक चटई विणून ठेवली होती मी. केतकी उकडून, खरवडून, उन्हात पांढरी करून. मायानाच्या पाहुण्यांना निजायला घालायच्या होत्या, पोरीला सोबत द्यायच्या होत्या. त्या सगळ्या आता खड्ड्यावर काठ्यांना बांधलेल्या होत्या, आणि खाली बाबाई काळोखात.

मी काठावर उभी राहून जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. भाऊजींच्या कोंबड्या घरी निघून गेल्या. नाकिबाए शांतपणे शेवटची गाठ मारत होता. म्हणाला, "लग्नाच्याच कामाला लागल्या ना चटया? मग?"

आठवडे गेले. बाबाईची पानं आधी मलूल झाली, मग पिवळी पडली, पिकल्या केतकीसारखी. नाकिबाएनं बघितलं आणि ठरवलं, खाऊ कमी पडतोय. मग काय, अजून मुशी, अजून डोकी, अजून काकवी. घरात आम्ही भात आणि मीठ खात होतो. मी रोज त्या पिवळ्या पानांकडे बघायचे आणि मला मायानाची पोरं दिसायची, खांद्यावर काठ्या घेतलेली.

एका दुपारी आभाळ भरून आलं आणि माझ्याच्यानं राहवेना. समुद्राकडच्या कोपऱ्यात माझी सगळ्यात चांगली चटई होती, तपकिरी काठाची. ती भिजून कुजणार. म्हटलं, बाबाई मरो, चटई तरी वाचवू. गाठीला हात लावला तर ती नुसती ओढल्यावर सुटली. याच माणसानं बांधलेल्या होडीच्या गाठी सोडवायला सुरी लागते. मला वाटलं, हात थकले बिचाऱ्याचे. जरा वाईटही वाटलं. मग चटई गुंडाळली आणि आढ्यावर लपवली.

तो पहाटेच्या अंधुकात भरवायला जायचा, त्यामुळे त्याच्या काही लक्षात आलं नाही. निदान मला तसं वाटलं.

थोड्या दिवसांनी दुसरी चटई काढायला गेले आणि काठावर थबकलेच. त्या एका भोकातून नवं पान वर आलं होतं. खाली वाकडं होऊन, मान तिरकी करून, ते बरोबर त्या उजेडाच्या तुकड्यात घुसलं होतं. हिरवंगार. बाकीची सगळी छपराखाली पिवळी, आणि हे एकटं तेल लावल्यासारखं चकाकत होतं.

मी राकेराला आणून दाखवलं. ती शाळा शिकलेली. म्हणाली, बरोबरच आहे की आई, झाडाचा स्वयंपाक पानात होतो, उन्हावर. मुळं नुसतं पाणी आणि जरासा मीठमसाला वर पाठवतात.

"म्हणजे चूल वर आहे?"

"चूल वर."

"आणि तुझा बाप चुलीवर झाकण घालून मसाला वाढवतोय."

तिला हसू आवरेना. हसत हसत तिनं अजून बरंच सांगितलं. आपण सगळे त्या चुलीवरचंच जेवतो म्हणे, मांजरसुद्धा. मी म्हटलं, मांजर पाल खाते. ती म्हणाली, पाल माशी खाते, माशी मुशीचं काळीज खाते, मुशी मासळी खाते, मोठी मासळी छोटीला खाते, आणि छोटी खाते समुद्रातला हिरवा तवंग, जो उन्हावर जगतो. शेवटी सगळं तिथूनच येतं. मी म्हटलं, मग त्या उन्हालाच पहिल्या पंगतीला बसवू, पण आधी तुझ्या बापाला कोण सांगणार?

मीच सांगितलं. तो म्हणाला, बायकांनी यात पडू नये. मी म्हटलं, पान बघ. तो म्हणाला, पान वाऱ्यानं वळलं. अडचण मला कळत होती. यानं आपल्या हातानं छप्पर काढलं असतं, तर भाऊजी हसून हसून माडावरून खाली पडले असते. आणि आमचा हा माणूस पोटाला चिमटा घेईल, डुकराला उपाशी ठेवेल, पण भावाला हसू देणार नाही.

म्हणून मी चोरी धरली. आज एक चटई, मग काही दिवस थांबायचं, मग दुसरी. स्वतःच्याच चटया, स्वतःच्याच नवऱ्याच्या खड्ड्यावरून, आणि मी मांजरीच्या पावलांनी जातेय. प्रत्येक गाठ एका ओढीत सुटायची. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, म्हातारा झाला माझा नवरा.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडे काठ्या उभ्या राहिल्या.

भाऊजींनी आमचं छप्पर वरून बघितलं होतं आणि रात्रंदिवस त्यांना त्याचाच ध्यास लागला होता. त्यांना वाटलं, हेच ते. हेच बाबांनी धाकट्याला सांगितलं आणि मला नाही. मग काय, थोरल्याचं छप्पर धाकट्याहून कमी कसं असेल? दुहेरी चटया. जाऊबाईंकडे चटयांना तोटा नाही. हात चांगला आहे त्यांचा, ते मला मान्य आहे. आणि आमच्या छपराला भोकं पडत गेली तसं भाऊजींना वरून आमचा खाऊही दिसायला लागला. त्यांनीही मुशी आणली. त्यांनीही डबे पुरले. काकवीसुद्धा. पलीकडच्या आणि अलीकडच्या खड्ड्याला एकाच वेळी एकच घाण यायला लागली.

मी जाऊबाईंना सांगायला गेले. कितीही झालं तरी घरचीच बाबाई. म्हटलं, छप्पर काढा, पानं पिवळी पडतात, आमचं तसंच झालं. जाऊबाई विणता विणता मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या चटया विरळ विणीच्या. ऊन गळतं त्यांतून. आमच्या घट्ट असतात."

मी म्हटलं, बरं. आणि आले घरी.

भाऊजी तर माडावरून गाणीच रचायला लागले. धाकट्याचं छप्पर उडालं, बायकोनं चटया नेल्या, आता आभाळच पांघरा, असं काहीतरी. आवाज चांगला आहे त्यांचा, गावभर जायचा. नाकिबाए खाली चिखलात उभा राहून ऐकायचा. त्याचे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, आता घरी येऊन मला बोलणार, चटया परत दे म्हणणार. पण तो जेवायला बसायचा, भात-मीठ खायचा आणि म्हणायचा, झोपतो. मला त्या दिवसांत त्याची फार दया आली, आणि तरी मी पुढची चटई काढलीच.

मायानाच्या होड्या आल्या तेव्हा खड्ड्यावर एकच चटई उरली होती. ती मी मुद्दाम ठेवली, त्याच्या मानासाठी. पानं आता एवढी झाली होती, की बांधावरून पलीकडे सावली पडत होती. पण पानं कोणाला दाखवायची? वाशाला बांधायचा तो कंद, आणि तो चिखलात. पानं मोठी आणि खाली गाठोडं एवढंसं, असंही होतं. त्या सकाळी नाकिबाए काही न खाताच उठला. तो लुंगी खोचून खड्ड्यात उतरला, टोपली फाडली, आणि कमरेपर्यंत पाण्यात वाकून दोन्ही हातांनी चाचपडत राहिला. मी काठावर उभी. राकेरा लग्नाच्या कपड्यांत घरात. तोआनींची बहीण सकाळपासून दोनदा विचारून गेली होती, वासा तयार आहे ना?

बराच वेळ तो वाकलेलाच होता. मग त्यानं मान वर केली. तोंडाला चिखल लागलेला.

"वासा आण," तो म्हणाला.

मी रडले, सरळ सांगते. तिथेच काठावर बसून, कपड्यांना चिखल लागला तरी रडले.

आम्हाला मुलगा नाही, म्हणून वासा उचलायला भाऊजींचेच दोघे मुलगे आले. पोरं चांगली, काकावर जीव आहे त्यांचा. वासा मधोमध वाकला होता आणि पोरं खरंच कुंथत होती. मानेआबात शिरताना सगळ्यांच्या माना वळल्या. तोआनींच्या बहिणीनं वाशाकडे बघितलं, मग पोरांच्या पायांकडे, की ती उगाच कुंथण्याचं सोंग करतायत का. मग ती गप्प बसली, ती जेवण होईपर्यंत. बाबाई खाली ठेवली, तशी नाकिबाएनं मान झुकवली आणि म्हणाला, "राग मानू नका. घरात एवढंसंच होतं."

मानेआबा हसून हसून लोळला. माझी राकेरा खांबाआडून नाही, चारचौघांत हसली.

मग भाऊजी आले. टोपलीवर पानं झाकलेली. त्यांनी ती आमच्या बाबाईपासून लांब ठेवली आणि तेच शब्द म्हणाले, घरात एवढंसंच होतं. जन्मात पहिल्यांदा ते खरं बोलले. कोणी हसलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

इथवर सगळं नाकिबाएच्या मनासारखं झालं होतं. पण दहा जण बोलून झाले आणि तोआनी उठले.

"व्याही," ते म्हणाले, "मी बुबुसी करतो."

सगळे सावरून बसले. बुबुसी म्हणजे हात पसरून मागणं. आपल्या माणसानं बुबुसी केली की अंगावरचं कापड मागितलं तरी नाही म्हणता येत नाही, आणि आजपासून तोआनी आमचे होते. ते म्हणाले, आमचा मायानाचा खड्डा बरा नाही, कंद मुठीएवढे निघतात. तुमची मुलगी उद्यापासून त्यातलंच खाणार. तुमची ही बाबाई काय खाते, तेवढं द्या.

याला मी ओळखते. हा आता मुशी सांगणार, काकवी सांगणार, आणि छपरावर येऊन छाती फुगवणार. मग तोआनी घरी जाऊन छप्पर घालणार आणि माझी पोर जन्मभर भात-मीठ खाणार. मी तिथे बोलावं अशी रीत नव्हती. तरी बोलायचंच, असं ठरवून मी मांडी मोडली.

नाकिबाएनं सांगायला सुरुवात केली. निरफणसाचा पाला, कसा वाळवायचा, कसा चुरायचा. काळी माती कुठली. डबे. मुशीचं काळीज. मासळीची डोकी. काकवी. म्हातारी मंडळी मान डोलवत होती आणि पाठ करून घेत होती. मग तो थांबला. त्यानं आपल्या बाबाईकडे बघितलं. मग पानांनी झाकलेल्या त्या टोपलीकडे बघितलं. मग राकेराकडे.

"हे सगळं दादानंही घातलं," तो म्हणाला. "खड्डा एक, पाणी एक. माझ्या बाबाईनं जे खाल्लं तेच त्याच्या बाबाईनं खाल्लं. फरक एवढाच, की मी तिच्यावर छप्पर घातलं आणि माझ्या बायकोनं ते चोरलं."

एकदम हशा उठला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"हसू नका. मी मूर्खपणा केला. बाबाई ऊन खाते. मी तिचं ऊन बंद केलं होतं. हिनं एक चटई काढली, त्या भोकात पान आलं, तेव्हाच मला कळलं. पण माझ्या हातानं छप्पर काढायची मला लाज वाटली. म्हणून मी रोज पहाटे जाऊन उरलेल्या गाठी सैल करून ठेवायचो. पहिली गाठ तेवढी आपोआप सुटली. ती चिखलानं बुळबुळीत होती."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतके महिने मी मांजरीच्या पावलांनी गेले होते, आणि हा माणूस माझ्या आधी तिथे जाऊन येत होता. रागावावं की काय करावं, मला कळेना. भाऊजींची ती गाणी यानं कान लाल करून ऐकली होती आणि एका शब्दानं मला अडवलं नव्हतं.

नाकिबाए खाली बसला. आता भाऊजी हसतील, असं मला वाटलं. वर्षभर यानं ज्याला भिऊन हे सगळं केलं, ते हसू आता येणार. पण भाऊजी हसले नाहीत. ते आपल्या जागेवरून पुढे सरकून आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे बाबांनी तुला छपराचं सांगितलं नव्हतं?"

"मला?" नाकिबाए म्हणाला. "मला कधी सांगतील? मी मासळीला गेलो होतो. सांगितलं ते तुला."

"मला काही नाही सांगितलं."

"शेवटच्या दिवशी तू उशाशी होतास, दादा. काहीतरी बोलले असतील."

भाऊजी आठवत राहिले. "बोलले. एवढंच म्हणाले, चटई वर कर, ऊन आत येऊ दे." मग म्हणाले, "मला वाटलं, त्यांना गार वाटतंय. म्हणून मी दारावरची चटई वर केली."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत बसले, जसे काही लहानपणी मार खाल्ल्यावर बसत असतील.

मग जाऊबाई उठल्या. समोर पानं मांडलेली, डुक्कर वाढायला घेतलेलं, तरी उठल्या आणि खड्ड्याच्या वाटेला लागल्या. मीही उठले. उरलेल्या रोपांवरचं ते दुहेरी छप्पर एकटीला निघण्यासारखं नव्हतं, आणि त्यांच्या नवऱ्याच्या गाठी पक्क्या होत्या.